कॉलनीचा बगीचा, अन्नपूर्णा रोडची बाजू, इंदूर: साडेतीन स्टार

पाचपैकी साडेतीन देतेय आणि नीट विचार करून देतेय. मागच्या उन्हाळ्याआधी कोणी विचारलं असतं तर दीडच्या वर गेले नसते, कारण तेव्हा लॉन म्हणजे नुसती भेगाळलेली काळी माती होती, झोक्याची साखळी तुटलेली, बाकांचे लोखंडी पाय गंजलेले आणि मागच्या फाटकापाशी पालापाचोळ्याचे ढीग पडलेले. आता बरंच बदललंय. कशामुळे बदललं ते जरा सविस्तर लिहिते, कारण या बाजूला घर बघायला येणारे लोक नेहमी विचारतात की जवळ बगीचा आहे का, मुलांना नेता येईल का, म्हाताऱ्या माणसांना फिरता येईल का. आणि दुसऱ्या कॉलन्यांमधल्या आपल्या लोकांनाही यातलं काही वापरता आलं तर चांगलंच.

आधी बगीच्याबद्दल. मोठा नाहीये. आरामात चालत एक चक्कर मारली तर चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागतो. नेहरू पार्क (जुने लोक अजून बिस्को पार्कच म्हणतात त्याला) किंवा विजय नगरकडचं मेघदूत किंवा पिपल्यापाल्याचं रीजनल पार्क, त्यांच्याशी तुलना करू नका. तिथे आपण पाहुणे आले की जातो, रविवारी जातो, गाडी काढून जातो. कॉलनीचा बगीचा रोजचा असतो, चप्पल घालून दोन मिनिटांत पोचायचं असतं, म्हणून मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. माझ्या सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं आहे, त्यांना मेघदूतपर्यंत रोज कोण नेणार. त्यांचं सगळं जग म्हणजे हा बगीचा, तिथल्या चार मैत्रिणी आणि करंजाखालचा बाक.

झाडं हीच इथली खरी श्रीमंती. कडुनिंब आहेत मोठे, करंज आहेत, एक जुना पिंपळ आहे ज्याच्या पारावर दिवाही लागतो, बहावा आहे जो एप्रिल-मे मध्ये असा पिवळा होतो की रस्त्यावरून जाणारी माणसं गाडी थांबवून फोटो काढतात, आणि कांचन आहे. मालव्याच्या काळ्या मातीत ही झाडं मस्त वाढतात, एकदा मुळं धरली की उन्हाळाही काढतात. लॉनचं मात्र तसं नाही, ते रोज पाणी मागतं, आणि आमच्याकडे नेमकं पाण्याचंच रडगाणं होतं.

आता मुख्य गोष्ट. उन्हाळ्याच्या तोंडावर कळलं की बगीच्यासाठी पैसा मंजूर झालाय आणि त्यातून रंगीत लायटिंगचं कारंजं, सेल्फी पॉइंट आणि सगळ्या ट्रॅकला पेव्हर ब्लॉक होणार आहेत. निम्मी कॉलनी खूश. आम्ही काही जणींनी आणि दोन-तीन रिटायर्ड काकांनी म्हटलं की थांबा, आधी बोलू या. रहवासी संघानं पार्षदांना (म्हणजे नगरसेवकांना) निरोप दिला, महापालिकेच्या झोनचे साहेब आले, बगीच्यांचं काम बघणाऱ्या एक इंजिनियर मॅडम आल्या, देखभालीच्या ठेकेदाराचा सुपरवायझर आला, आणि पिंपळाच्या पाराजवळ खुर्च्या टाकून बैठक झाली. सकाळची वेळ होती, पोहे-जलेबी मागवली होती, वातावरण बरं होतं, पण पहिल्या दहा मिनिटांतच आवाज चढले.

एक काका (वीज मंडळातून रिटायर झालेत) सरळ म्हणाले की साहेब, आमच्याकडे आधी दोन कारंजी होऊन गेलीत, पहिल्याची मोटार जळली, दुसऱ्याच्या टाकीत पाणी साचून डास झाले आणि मग ती मातीनं बुजवावी लागली, आता तिसरं कशाला? साहेबांनी शांतपणे सांगितलं की काका, पैसा आलाय तो खर्च नाही केला तर परत जाईल. मग मॅडमनी जे समजावलं ते मला फार उपयोगाचं वाटलं, म्हणून लिहितेय. त्या म्हणाल्या की नवीन बांधकामाचा पैसा एका हेडमध्ये, म्हणजे खर्चाच्या एका खात्यात, येतो आणि रोजच्या देखभालीचा, म्हणजे माळ्याचा पगार, खत, दुरुस्ती, वीजबिल, हा दुसऱ्या हेडमधून जातो, आणि एका हेडचा पैसा दुसरीकडे टाकता येत नाही. म्हणजे कारंजं रद्द करून त्या पैशात माळी ठेवा असं म्हणता येत नाही. हे ऐकून बरेच जण गप्प झाले, कारण इतकी वर्षं आपण हेच तर मागत होतो.

पण मग आमच्या शेजारच्या वहिनींनी विचारलं की मॅडम, असं कोणतं बांधकाम आहे का की जे झाल्यावर देखभाल कमी लागेल? तिथून बैठक बदलली. मॅडमनी वही काढली. भांडण करायला आलेले लोक यादी करायला लागले, आणि जे ठरलं ते असं की कारंजं नको, सेल्फी पॉइंट नको, त्याऐवजी शुद्ध केलेल्या पाण्याची लाइन आणि साठवायची टाकी, पाल्यासाठी खताचे खड्डे, मुरमाचा ट्रॅक आणि झाडांभोवतीचं सिमेंट फोडणं. हे सगळं बांधकामातच बसतं. पार्षदांनी तिथेच होकार दिला, आणि त्याचं श्रेय मी त्यांना मोकळ्या मनानं देते कारण उद्घाटनाला कारंजं जास्त शोभून दिसलं असतं.

पाण्याबद्दल थोडं. आमचा बगीचा आधी बोअरिंगवर होता, मार्च संपता संपता बोअरिंग हवा फेकायला लागायचं आणि मग टँकर, तोही आला तर आला. प्यायचं नर्मदेचं पाणी जलूदहून इतक्या लांबून, इतकं वर चढवून आणतात, ते लॉनवर मारणं मनाला पटतच नाही. आपल्या इंदूरला २०२१ मध्ये देशातलं पहिलं वॉटर प्लस सर्टिफिकेट मिळालं ते सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्यासाठीच होतं, कबीटखेडीला मोठे प्लांट आहेत, आणि ते पाणी गावातल्या कितीतरी बगीच्यांना जातं. आमच्या बाजूला लाइन जवळून गेलेलीच होती, फक्त जोडणी नव्हती. आता जोडणी झालीये. पाण्याला कधी कधी जरा वास येतो, विशेषतः टाकी दोन दिवस भरून राहिली तर, म्हणून सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी कमी झाल्यावर पाणी मारायचं ठरलंय, आणि नळावर ठळक अक्षरात लिहिलंय की पिऊ नका, हातपाय धुवू नका. लहान मुलं असतील तर एवढं लक्षात ठेवा. प्यायच्या पाण्याचा नळ वेगळा आहे, पुढच्या फाटकाजवळ.

पेव्हर ब्लॉकवर सगळ्यात जास्त वाद झाला आणि मला वाटतं तो व्हायलाच हवा होता. ज्यांना पेव्हर हवे होते त्यांचंही बरोबर होतं, पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा जो चिखल होतो त्यात वयस्कर माणूस घसरला तर हाड मोडतं, ते झालेलं आहे आमच्याकडे. पण पेव्हर गुडघ्यांना कडक पडतात, शेवाळ धरलं की तेही घसरडे होतात, आणि खाली सिमेंट ओतलं असेल तर पाणी जमिनीत मुरत नाही. त्याहून वाईट म्हणजे ठेकेदार ते थेट झाडाच्या बुंध्यापर्यंत नेतात. आमच्या दोन कडुनिंबांना असंच आवळून टाकलं होतं, एकाच्या फांद्या शेंड्याकडून वाळायला लागल्या होत्या. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच आदेश दिला होता की झाडाभोवती एक मीटरपर्यंतचं सिमेंट काढा. एका काकांनी त्याचा कागद छापून आणला होता, तो साहेबांच्या हातात दिला. शेवटी बाहेरच्या चक्करला मुरूम दाबून केलेला ट्रॅक, दोन्ही बाजूंना पाणी वाहून जायला उताराची नाली, आणि फक्त फाटकापासून पारापर्यंत पेव्हर, व्हीलचेअर जाईल एवढे रुंद. झाडांना आळी करून दिली. तो वाळणारा कडुनिंब पावसाळ्यानंतर पुन्हा फुटलाय, कोवळी तांबूस पालवी आलीये, रोज बघते मी.

ट्रॅक ओला असताना मुरूम चपलेला थोडा चिकटतो, हे खरं आहे. बूट घाला.

पाल्याचं सांगते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब आणि पिंपळ पानं गाळतात तेव्हा रोज पोती भरतात. आधी कोपऱ्यात संध्याकाळी गुपचूप काडी लावली जायची आणि आजूबाजूच्या घरांत धूर, माझ्या मुलाला दमा आहे, त्या दिवसांत खिडक्या लावून बसायचो आम्ही. उघड्यावर कचरा जाळायला हरित लवादानं डिसेंबर २०१६ पासून सगळ्या देशात मनाई केलीये, साध्या जाळण्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळलं तर २५ हजार दंड सांगितलाय, आणि २०१६ च्या घनकचरा नियमांतही बागेचा कचरा वेगळा ठेवा असं स्पष्ट होतं. स्वच्छतेत २०१७ पासून पहिला येणाऱ्या गावात, जिथे घराघरांत ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-वेस्ट सगळं वेगळं करून गाडीत टाकतो आपण, तिथे बगीच्यात पाला जळावा हे मला फार लागायचं. आता विटांचे खड्डे आहेत, खाली जागा सोडून बांधलेले म्हणजे हवा जाते. पाल्याचा थर, वर शेणाचा काला किंवा थोडी माती, पाणी शिंपडायचं, परत पाला. मधून मधून वर-खाली करायचं. सुका पाला एकटा लवकर कुजत नाही, त्याला काहीतरी ओलं हिरवं लागतं, म्हणून कापलेलं गवतही त्यातच जातं. अडीच-तीन महिन्यांत काळं भुसभुशीत खत निघतं आणि त्याला वास येत नाही, आला तर समजायचं पाणी जास्त झालंय. पहिलं खत निघालं तेव्हा माळीदादांनी मुठीत घेऊन आम्हाला दाखवलं, त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. घरच्या कुंड्यांसाठी मागितलं तर देतात थोडं, पण आधी बगीच्याचे वाफे.

माळीदादांवर खरं म्हणजे आधीच लिहायला हवं होतं. कारण माझ्या मते साडेतीनमधले दोन स्टार एकट्या त्यांचे आहेत. आधी काय व्हायचं की ठेकेदाराची एक टोळी पाच-सहा बगीच्यांत फिरायची. आठवड्यातून एकदा येणार, गवत छाटणार, फोटो काढून अॅपवर टाकणार, निघून जाणार. कोणत्या झाडाला वाळवी लागलीये, कोणता वॉल्व्ह गळतोय, कोणाला काही माहीत नाही कारण दर वेळी माणसं नवीन. बैठकीत आम्ही सगळ्यात जास्त जोर यावर दिला की माणसं वाढवू नका हवं तर, पण एक माणूस कायम द्या, रोज सकाळी, याच बगीच्याला. सुपरवायझर म्हणाला करारात तसं नाहीये. मॅडमनी करार मागवला आणि त्यात रोजची हजेरी लिहिलेली निघाली. तेव्हापासून फाटकावर एक वही टांगलेली आहे, माळीदादा सही करतात आणि फिरायला येणाऱ्यांपैकी कोणी एक जण खाली सही करतं. यात त्यांच्यावर पाळत ठेवायचा हेतू नाही, उलट त्यांचा पगार कापला जाऊ नये म्हणून ही वही त्यांच्याच कामी आलीये, एकदा सुट्टी दाखवून पैसे कापले होते ते वही दाखवल्यावर परत मिळाले.

एक सांगते. १४ जुलै २०२४ ला रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांच्या वर रोपं लागली, गिनीज रेकॉर्ड झालं, आमच्या कॉलनीतली मंडळीही गेली होती आणि आम्हा सगळ्यांना अभिमान आहे त्याचा. पण रोप लावलं की पहिले दोन उन्हाळे त्याला कोणीतरी नावानं ओळखणारं लागतं. आमच्या बगीच्यात मागे लावलेली बरीच रोपं गेली, कारण आळ्यात गवत माजलं, पाणी पोचलं नाही, बकऱ्या आल्या. या वेळची जवळजवळ सगळी उभी आहेत. फरक एकाच माणसाचा आहे.

पार्षद आणि अधिकाऱ्यांशी बोलताना बरेच लोक भीक मागितल्यासारखं बोलतात किंवा एकदम शिव्याच देतात, दोन्हीची गरज नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आली, त्यात उद्यानं, बगीचे, खेळाची मैदानं ही शहरी संस्थांची कामं म्हणून लिहिलेली आहेत. आपण हक्कानं विचारू शकतो. आणि समोरची माणसंही माणसंच आहेत, इंदूरमध्ये ८५ वॉर्ड आहेत आणि प्रत्येकात किती बगीचे, एका इंजिनियरकडे किती पडतात त्याचा विचार करा. आमच्या मॅडम दर महिन्याला येतात, एकदा ताप असतानाही आल्या होत्या. त्यांच्याशी नीट बोललं की काम पुढे सरकतं.

कुत्र्यांवरून मात्र अजून एकमत नाही. काही जणांना ती नकोच आहेत, काही जणी रोज खायला घालतात. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी करून कुत्रं होतं तिथेच परत सोडायचं असतं, त्यामुळे उचलून लांब टाका ही मागणी चालत नाही, आणि त्याच नियमांत खायला घालायची जागा मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब ठरवा असंही आहे आणि ती जबाबदारी रहवासी संघावर टाकलीये. आमच्याकडे मागच्या भिंतीबाहेर जागा ठरली, पण दोन घरं अजून झोक्याजवळच पोळ्या टाकतात. मला कुत्री आवडतात तरी म्हणते, हे बरोबर नाही, तीन वर्षांचं मूल हातात बिस्किट घेऊन फिरत असतं तिथे.

खेळण्यांचं थोडक्यात. झोके दुरुस्त झाले, खाली वाळू टाकलीये, घसरगुंडी प्लॅस्टिकची आहे आणि दुपारी तापते, चारनंतर न्या. ओपन जिमची निम्मी मशीनं चांगली, दोन करकर करतात, त्यांना ग्रीस लागतं आणि बेअरिंग गेलीत, लहान मुलांना त्यांच्यावर चढू देऊ नका, सांध्यात बोट सापडतं.

आता दीड स्टार का कापले. बाथरूमला कुलूप असतं. चावी समोरच्या किराणा दुकानात असते असं सांगतात, पण दुकान नऊला उघडतं आणि आमच्या आज्या सहाला येतात. मधुमेह असलेल्या बाईनं काय करायचं? हे दर महिन्याच्या पाहणीच्या प्रत्येक फेरीत सांगून झालंय, वहीत लिहून झालंय, तरी झालेलं नाही, म्हणून अख्खा एक स्टार यासाठीच कापला. बाकीचा अर्धा मागच्या कोपऱ्यातल्या अंधारासाठी, तिथला एलईडी लागतो, बंद पडतो, परत लागतो, आणि संध्याकाळी मुली त्या बाजूनं जात नाहीत, लांबून वळसा घालतात. निम्मा बगीचा मुलींसाठी सहा वाजता बंद होतो असाच याचा अर्थ झाला. मॅडमनी केबल बदलायचं लिहून दिलंय.

क्रिकेटवाल्या मुलांबद्दल खूप तक्रारी येतात, माझं मत वेगळं आहे, त्यांना दुसरी जागा नाही कॉलनीत. शाळा सुटल्यावर साडेपाचपर्यंत रबरी बॉलनं खेळायचं, मग लॉन मोकळं, असं मुलांनी स्वतः कबूल केलंय आणि बहुतेक पाळतातही. लॉनचा मधला पट्टा टणक झालाय त्यामुळे, तिथे गवत येत नाही, नाही आलं तर नाही आलं.

बाक बरेचसे लोकांनी आईवडिलांच्या आठवणीत दिलेले आहेत, नावाच्या पाट्या आहेत. कोणाला द्यायचा असेल तर नवीन बाकाऐवजी जुन्या बाकांच्या दुरुस्तीचे पैसे द्या अशी संघाची विनंती आहे आणि मला ती पटते. पाटी तरीही लागते.

कधी जावं तर सकाळी सहा ते आठ, किंवा ऊन उतरल्यावर. बहाव्यासाठी एप्रिलचा शेवट. पावसाळ्यात मोठ्या पावसानंतर एक दिवस सोडून जा. पार्किंग नाही, गाडी आणू नका, समोरच्या घरांच्या फाटकात लावतात लोक आणि रोज भांडणं होतात.

आणि आसपास राहत असाल तर फेरीला या. महिन्याच्या पहिल्या बुधवारी सकाळी साडेसातला मागच्या फाटकापासून सुरू होते, मॅडम, सुपरवायझर, माळीदादा आणि आम्ही जे कोणी असू ते पूर्ण चक्कर मारतो, जे दिसेल ते वहीत, पुढे तारीख आणि कोण करणार त्याचं नाव, आणि पुढच्या महिन्यात वही तिथूनच उघडायची. येताना जे मोडलंय त्याचा फोटो काढून आणा आणि महापालिकेच्या ३११ अॅपवर तक्रार टाकली असेल तर तिचा नंबर लिहून आणा, नंबर असला की साहेबांना ती तिथल्या तिथे मोबाइलवर उघडता येते. येत्या फेरीत बाथरूमची चावी माळीदादांकडे द्यावी हा विषय परत घेतोय, जितक्या जास्त बायका येतील तितकं बरं.